गळीत हंगामातील ऊस वाहतूक: सांगली-साताऱ्यातील नव्या ट्रॅक्टर चालक-मालकांसाठी सुरक्षिततेचे मार्गदर्शन

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला, ऊस गाळपासाठी टाकतात त्या गव्हाणीत मोळी पडली, की कृष्णाकाठचे रस्ते बदलतात. पेठ-सांगली, कराड-विटा, कराड-तासगाव, पलूस-कुंडल, रहिमतपूर-कोरेगाव अशा प्रत्येक मार्गावर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या धावू लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ही वर्दळ थांबत नाही. दरवर्षी या कामात नवी माणसे येतात. कोणी कर्ज काढून पहिला ट्रॅक्टर घेतलेला असतो, कोणी कारखान्याशी वाहतुकीचा करार करून उचल घेतलेली असते, तर कोणी घरचाच ट्रॅक्टर पहिल्यांदा शेताबाहेर काढून रस्त्यावर आणलेला असतो. शेतात ट्रॅक्टर उत्तम चालवता येणे आणि भरलेल्या ट्रॉल्या घेऊन रात्री राज्य मार्गावरून जाणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाचे नियम कोणी समोर बसवून शिकवत नाही, म्हणून ते येथे कामाच्या क्रमाने मांडले आहेत.

सर्व पायऱ्यांना लागू पडणारी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. ट्रॅक्टर चालवणाऱ्याचे लक्ष पुढे असते आणि या कामातला बहुतेक धोका त्याच्या पाठीमागे असतो. जोडणीची पिन, ट्रॉलीचे दिवे, उसाचा बाहेर आलेला भार, उसावर बसलेली माणसे आणि मागून येणारा दुचाकीस्वार, यांतले काहीही सीटवरून धड दिसत नाही. त्यामुळे पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीत खाली उतरून ट्रॉलीच्या मागे जाऊन पाहण्याची सूचना येईल. तिचा कंटाळा करू नये.

पहिली पायरी: हंगामाआधी कागदपत्रे

चालकाचे वय १८ वर्षे पूर्ण असले पाहिजे. आपल्याकडे दहावी-अकरावीतल्या मुलाच्या हाती ट्रॅक्टर देण्यात घरच्यांना कौतुक वाटते, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणीही एक वर्षासाठी रद्द होऊ शकते. कौतुकाची हौस शेतातही पुरवू नये, कारण ट्रॅक्टर शेतातही उलटतो. त्याचे कारण पुढे येईल.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. याचा अर्थ कारखाना सुरू झाल्यावर अर्ज करणाऱ्याचा पहिला महिना वाया जातो. अर्ज पावसाळ्यातच करावा. रिकामे वजन ७,५०० किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर कायद्याच्या व्याख्येत हलक्या मोटार वाहनात मोडतो, त्यामुळे हलक्या वाहनाचा परवाना त्याला चालतो. ट्रॉली जोडल्याने तो परवाना निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही परवान्यावर नेमके काय नोंदले आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे मालकाने स्वतः पाहावे. चालकाच्या तोंडच्या "आहे की लायसन" या उत्तरावर भागवू नये.

नवख्या मालकांकडून सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ट्रॉलीच्या नोंदणीकडे. ट्रॅक्टरची नोंदणी झाली की काम संपले असा समज सर्वत्र आहे, परंतु कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते. शिवाय ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रॉलीवर, आणि एकाहून अधिक ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर, दिसेल असा लिहावा लागतो. गावातल्या वर्कशॉपमधून ट्रॉली बनवून घेताना "ही परिवहन कार्यालयात पास होईल का, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे तुम्ही देणार का" हे पैसे देण्याआधी विचारावे. पास न होणारी ट्रॉली दहा-वीस हजारांनी स्वस्त पडली, तरी अपघाताच्या दिवशी ती घरादारावर बेतते.

तसेच विम्याचे. तृतीय पक्ष विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. पॉलिसी हाती आल्यावर तीन गोष्टी वाचाव्यात. ट्रॉलीचा उल्लेख आणि तिचा हप्ता पॉलिसीत आहे का, वापर "केवळ शेतीसाठी" असा लिहिला आहे की भाड्याच्या वाहतुकीसाठी, आणि पगारी चालकाची जोखीम घेतली आहे का. दुसऱ्याचा ऊस भाड्याने वाहायचा आणि पॉलिसी स्वतःच्या शेतीपुरती ठेवायची, हे उघड्या डोळ्यांनी पत्करलेले संकट आहे. दावा आल्यावर विमा कंपनी सर्वप्रथम हाच मुद्दा काढते.

याच ओघात उसावर, ट्रॉलीच्या दांडीवर आणि मडगार्डवर बसणाऱ्या माणसांचा विषय येतो. तोडणीची टोळी एका फडातून, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतातून, दुसऱ्या फडात न्यायची असते, लेकरेबाळे, भांडीकुंडी, सगळे ट्रॉलीत चढते आणि नाही म्हणणे मालकाला जड जाते. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणासाठीही आसन बनवलेले नसते. मडगार्डवरून घसरलेला माणूस थेट ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाखाली किंवा मागून येणाऱ्या ट्रॉलीखाली जातो आणि ब्रेक लावायला तेवढा अवधीच नसतो. विम्याच्या बाजूनेही ही माणसे उघड्यावर असतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून नेलेल्या मजुरांची जबाबदारी शेती वापराच्या पॉलिसीत येत नाही, अशा अर्थाचे निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिलेले आहेत आणि मग भरपाईचा बोजा मालकावर येतो. टोळी हलवायची असेल तर मुकादमाशी बोलून प्रवासी वाहनाचे भाडे आधीच ठरवून ठेवावे. बीड, जालना, जत भागातून पोटासाठी आलेली ही माणसे आपल्या भरवशावर चढतात, एवढे लक्षात ठेवले तरी नाही म्हणण्याचे बळ येते.

दुसरी पायरी: जोडणी आणि ब्रेक

ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकाला जोडणारी पिन जाड असते, मजबूत असते, पण ती जागेवर राहते ते खाली लावलेल्या लहानशा लॉकपिनमुळे. ही लॉकपिन हरवली की तिच्या जागी खिळा वाकवून घालतात किंवा बांधकामाची तार गुंडाळतात. शेताच्या बांधावरून ट्रॉली उसळते, पिन वर सरकते, तार तुटते आणि भरलेली ट्रॉली रस्त्यावर मोकळी सुटते. टूलबॉक्समध्ये दोन-तीन लॉकपिना जादा ठेवाव्यात. त्यांची किंमत चहाच्या खर्चाहून फारशी अधिक नसते. पिनेबरोबर ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी सुरक्षा साखळीही लावावी, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली पूर्ण सुटत नाही. दुसरी ट्रॉली असेल तर दोन ट्रॉल्यांमधल्या जोडणीलाही हेच लागू आहे, आणि ती जोडणी चालकाच्या नजरेपासून आणखी दूर असल्याने तिथे अधिक काटेकोर राहावे.

आता ब्रेककडे. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी दोन ब्रेक पेडल असतात, एक डाव्या चाकाचे आणि एक उजव्या चाकाचे. शेतात सरीच्या टोकाला जागच्या जागी वळण्यासाठी एकाच चाकाला ब्रेक लावावा लागतो, म्हणून ती वेगवेगळी ठेवलेली आहेत. रस्त्यावर येताच ही दोन्ही पेडल त्यांना जोडणाऱ्या पट्टीने एकत्र अडकवलीच पाहिजेत. ती मोकळी राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर एकच चाक अडते, ट्रॅक्टर झटक्यात त्या बाजूला वळतो आणि मागचा सगळा भार त्याला आडवा करतो. फडातून रस्त्याला लागताना, चाके डांबरावर चढण्यापूर्वी, थांबून खाली वाकून ही पट्टी हाताने लावायची सवय करावी. नुसते पायाने चाचपून खात्री होत नाही, कारण चिखलाने दोन्ही पेडल चिकटलेली असली तरी ती जोडलेली असल्यासारखी वाटतात. त्याच वेळी डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरायला लावणारी कळ, सुटलेला आहे याचीही खात्री करावी.

ब्रेकचा हिशेब समजून घेतला की वेगाबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः साधारण दोन ते अडीच टन वजनाचा असतो. त्याच्या मागे दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा टनांहून अधिक ऊस सहज भरला जातो आणि पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, किंवा असले तरी जोडलेले नसतात. म्हणजे अडीच टनांच्या वाहनाची दोन चाके त्याच्या सहापट वजन थांबवू पाहतात. सपाटीवर हे निभावून जाते. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते आणि वळणावर त्याला कात्रीसारखे मुडपून टाकते. शक्य असेल तेथे ब्रेक असलेलीच ट्रॉली घ्यावी आणि हंगामापूर्वी ते ब्रेक तपासून घ्यावेत.

तिसरी पायरी: मागच्याला दिसणे

या लेखातली एकच गोष्ट कोणी करणार असेल तर ती ही असावी.

साठच्या वेगाने येणारी दुचाकी सेकंदाला जवळपास १७ मीटर अंतर तोडते. समोर काहीतरी आहे हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथेच संपतात, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी किमान वीसेक मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५ मीटर. डिपर लाइटमध्ये न चमकणारी वस्तू साधारण तेवढ्याच अंतरावर दिसते आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर असेल तर त्याहूनही जवळ आल्यावर दिसते. उसाचा रंग रात्री काळपट असतो, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) आणि पाचट प्रकाश परत फेकत नाहीत. दिवा आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली मागच्या माणसाला दिसते तेव्हा त्याच्या हाती करण्यासारखे काही उरलेले नसते. अशा अपघातात ट्रॅक्टर चालकाला पुष्कळदा खरचटतही नाही, मागचा माणूस जातो. म्हणूनच ही जबाबदारी पुढे चालणाऱ्याची आहे.

रेडियमच्या पट्ट्यांचे रंग ठरलेले आहेत: पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. मागच्या बाजूला पट्टी मधोमध चिकटवून उपयोग नाही. ती दोन्ही टोकांपर्यंत गेली पाहिजे, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. उजवा मागचा कोपरा सर्वांत महत्त्वाचा, कारण ओव्हरटेक करणारा तिथेच धडकतो.

पण खरी अडचण वेगळीच असते. ट्रॉलीच्या चौकटीवर सगळे रिफ्लेक्टर व्यवस्थित लावलेले असतात आणि ऊस भरल्यावर तो मागे हातभर बाहेर येतो, वाढे खाली लोंबतात आणि दिवे-रिफ्लेक्टर त्यांच्याआड जातात. रिकाम्या ट्रॉलीला पाहून "सगळे लावले आहे" असे म्हणणे म्हणून व्यर्थ आहे. यावर उपाय असा की रेडियम लावलेली एक हलकी फळी किंवा रिफ्लेक्टर शिवलेले जाड कापड दोरीने उसाच्या बाहेरच्या टोकावर टांगावे आणि ट्रॉली रिकामी झाली की काढून ठेवावे. हंगामाच्या सुरुवातीला परिवहन कार्यालय आणि अनेक कारखाने असे कापड वाटतात. ते घडी घालून घरी ठेवण्यासाठी नसते. नुसता लाल फडका दिवसा चालतो, रात्री तो काळाच दिसतो.

मागच्या लाल दिव्याची वायर ट्रॉली जोडताना प्लगने जोडावी लागते. हा प्लग चिखलाने गंजतो, त्यामुळे तो दर आठवड्याला घासून साफ करावा. जोडणीच करायची नसेल तर निदान बॅटरीवर चालणारा लाल लुकलुकता दिवा दोन्ही कोपऱ्यांत लावावा. रिफ्लेक्टर हा दिव्याला पर्याय नाही, कारण तो मागच्या वाहनाचा प्रकाश पडल्यावरच चमकतो आणि आपल्याकडे एक दिवा बंद असलेल्या दुचाकी पुष्कळ आहेत.

तपासणी अशी करावी. ऊस भरून झाल्यावर, अंधार पडला असताना, कोणाला तरी दुचाकी घेऊन मागे शंभर पावलांवर उभे करावे, डिपर लावायला सांगावे आणि आपण त्याच्या शेजारी जाऊन पाहावे. ट्रॉलीची दोन्ही टोके तेथून स्पष्ट दिसली तरच निघावे. रस्त्यावरची धूळ एका खेपेतच पट्ट्यांवर बसते, म्हणून कारखान्यात वजनकाटा करून झाल्यावर ओल्या फडक्याने त्या पुसाव्यात.

बैलगाडीवाल्यांसाठीही येथेच सांगतो. टायरगाडीला दिवे नसतात, त्यामुळे मागच्या फळीवर आणि चाकांच्या बाजूंना लाल-पिवळे रेडियम आणि उसाच्या टोकाला लुकलुकता दिवा एवढे तरी हवेच. गाडीवान पहाटेच्या थंडीत झोपी जातो आणि बैल सवयीने रस्ता धरून चालत राहतात, ते रस्त्याच्या कडेनेच चालतील याची खात्री नसते.

चौथी पायरी: फडात भरणी

ट्रॉली रुतली म्हणून ट्रॅक्टर पुढे ताणू नये. मागची चाके चिखलात अडकलेली असताना एकदम क्लच सोडून जोर लावला, तर चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती फिरू लागतो, पुढची चाके उचलतात आणि तो मागे चालकावर उलटतो. हे दीड-दोन सेकंदांत घडते, उडी मारायला वेळ मिळत नाही. पुढची चाके जरा जरी हलकी वाटली तरी क्लच दाबावा, थांबावे, चाकांमागची माती उकरून मागे येऊन पाहावे, अथवा थोडा ऊस उतरवावा. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचे झाल्यास साखळी नेहमी खालच्या हुकालाच लावावी. ती वरच्या लिंकला किंवा आसाच्या वर बांधली की उलटण्याचा धोका कितीतरी वाढतो. साखळी ताणली जात असताना जवळ कोणीही उभे राहू नये, तुटलेली साखळी माणूस कापते.

फडावरून जाणाऱ्या विजेच्या तारा भरणीपूर्वीच पाहून ठेवाव्यात. रस्ता ओलांडणाऱ्या लघुदाब तारा किमान ५.८ मीटर आणि उच्चदाब तारा ६.१ मीटर उंच असाव्यात असे विद्युत सुरक्षेचे नियम सांगतात, परंतु शेतातून जाणाऱ्या तारांसाठी ही मर्यादा ४.६ मीटर इतकीच आहे, आणि झोळ पडलेल्या तारा त्याहूनही खाली आलेल्या असतात. उंच भरलेल्या उसावर एक माणूस उभा राहिला तर त्याचे डोके किंवा हातातली दोरी तारेपर्यंत पोहोचते. तार खाली आलेली दिसली तर महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे, काठीने ती उचलून धरण्याचा प्रकार कोणालाही करू देऊ नये. ट्रॉली तारेला लागलीच तर चालकाने खाली उतरू नये. शक्य असल्यास ट्रॅक्टर तारेपासून दूर न्यावा, शक्य नसल्यास बसून राहावे आणि इतरांना लांब थांबवावे. आग लागल्याने उतरणे भागच पडले तर ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न उचलता, घासत घासत दूर जावे.

भार किती घ्यावा हे नोंदणी पुस्तकात लिहिलेले असते. केंद्रीय कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. भार बाजूने, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तरीही २०,००० रुपये दंड आहे आणि शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. टनावर पैसे मिळत असल्याने एका खेपेत जास्त ओढण्याचा मोह होतो, हे समजण्यासारखे आहे. पण फुटलेला टायर, वाकलेला आस आणि चार दिवस बंद राहिलेला ट्रॅक्टर यांचा हिशेब त्याच वहीत मांडून पाहावा. भरून झाल्यावर सोल, म्हणजे ऊस बांधायचा जाड दोर, आडवा-उभा आवळावा आणि पहिल्या एक-दोन किलोमीटरनंतर थांबून पुन्हा ताणावा, कारण हादऱ्यांनी ऊस दबतो आणि दोर सैल पडतो.

पाचवी पायरी: रस्त्यावर

चढाला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये तोच उतार उतरावा. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा, मध्यावर बदलायला गेल्यास तो पडत नाही आणि वाहन मोकळे सुटते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून ठेवणे म्हणजे इंजिनाचा ब्रेक स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय.

पुणे-बंगळूर महामार्ग ओलांडताना किंवा त्यावरून जाताना शक्य तितका सेवा रस्ता आणि भुयारी मार्ग वापरावा. दोन किलोमीटरचा वळसा वाचवण्यासाठी उलट्या दिशेने जाणारी ट्रॉली या महामार्गावर रोज दिसते. शंभरच्या वेगाने येणाऱ्या मोटारीला समोरून ट्रॅक्टर येईल ही कल्पनाही नसते. कायद्याच्या कलम १८४ मध्ये उलट दिशेने वाहन चालवणे आणि चालवताना हातात मोबाईल धरणे या दोन्ही गोष्टी धोकादायक वाहन चालवण्यातच मोडतात.

मोठ्या आवाजाच्या साउंडबॉक्सबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. ते लावणाऱ्या तरुणांना रात्र जागून काढायची असते, हे खरे आहे. परंतु मागून रुग्णवाहिका आली, कोणी हॉर्न देऊन "दोर सुटलाय" असे सांगू लागला किंवा दुसऱ्या ट्रॉलीचा आवाज बदलला, तर ते ऐकू येणे हाच मागचे काही कळण्याचा एकमेव मार्ग असतो. तो बंद करू नये. झोप आवरत नसेल तर सुरक्षित जागा पाहून तासभर झोपावे. दारू घेऊन तर सीटवर बसूच नये. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

दोन ट्रॅक्टर पाठोपाठ असतील तर मध्ये एक मोटार सामावेल एवढी जागा सोडावी. ओळीने चिकटून चाललेल्या चार ट्रॉल्या ओलांडणे कोणालाच जमत नाही, आणि अर्ध्यावर अडकलेला माणूस नाइलाजाने दोन ट्रॉल्यांच्या मध्ये घुसतो.

सहावी पायरी: वाटेत बंद पडल्यास

चालत्या ट्रॉलीपेक्षा रात्री रस्त्यात बंद पडून उभी असलेली ट्रॉली अधिक घातक असते. टायर फुटला किंवा आस तुटला तरी जमेल तेवढे वाहन रस्त्याबाहेर, साइडपट्टीवर घ्यावे. ते शक्य नसल्यास पहिले काम दुरुस्तीचे नाही. आधी चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, मग परावर्तक त्रिकोण पन्नासेक पावले मागे ठेवावा, वळण किंवा चढ जवळ असेल तर त्याच्याही अलीकडे, येणाऱ्याला वेळीच दिसेल असा. एक माणूस टॉर्च घेऊन रस्त्याच्या कडेला, ट्रॉलीपासून दूर उभा करावा. दगड आणि झाडाच्या फांद्या रस्त्यात मांडण्याची आपल्याकडे रीत आहे, पण अंधारात त्याच दगडांवर दुचाकी उलटते, आणि ट्रॉली निघून गेल्यावर ते दगड तसेच पडून राहतात. महामार्गावर असल्यास १०३३, अन्यत्र ११२ या क्रमांकावर कळवावे. जॅक लावलेल्या भरल्या ट्रॉलीखाली, ठोकळ्यांचा आधार दिल्याशिवाय, कोणीही शिरू नये.

सातवी पायरी: कारखान्याच्या आवारात

नंबर लागेपर्यंत यार्डात कधी कधी अर्धी रात्र जाते. थंडीत अंथरूण घेऊन ट्रॉलीखाली झोपणे हा येथला सर्वांत वाईट प्रघात आहे, कारण रांग पुढे सरकते तेव्हा पुढचा चालक मागच्याला हाक देऊन ट्रॅक्टर हलवतो आणि खाली कोण आहे हे कोणी पाहत नाही. विश्रांतीच्या शेडमध्येच झोपावे, आणि ट्रॅक्टर चालू करण्यापूर्वी दोन्ही ट्रॉल्यांभोवती एक फेरी मारावी. गव्हाणीजवळ क्रेनने मोळी उचलली जात असताना तिच्या खालून किंवा शेजारून जाऊ नये. रिकामी ट्रॉली घेऊन परतताना वेग आपोआप वाढतो, आणि रिकामी ट्रॉली भरलेल्यापेक्षा जास्त उसळते, म्हणून पिन आणि साखळी परतीच्या वाटेवरही पाहावी.

आठवी पायरी: अपघात झाल्यास

पळून जाऊ नये. जमावाच्या भीतीने पळण्याचा सल्ला जुने लोक देतात, पण जीव धोक्यात असल्यास थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जाता येते, तेवढा मार्ग कायद्याने मोकळा आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. १०८ वर रुग्णवाहिका मागवावी, ती येण्यास वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने मिरज, सांगली, कराड किंवा सातारा, जे जवळ असेल तेथे जखमीला हलवावे. मदत करणाऱ्या वाटसरूंना कलम १३४-अ चे संरक्षण आहे, त्यांना नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे जमलेल्या लोकांना मोठ्याने सांगावे. पुष्कळजण या एका भीतीपोटी जखमीला हात लावत नाहीत.

रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये लागू केलेल्या योजनेत, ठरवलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. दाखल करतानाच त्याची विचारणा करावी. आपल्या माणसाला अनोळखी वाहन धडक देऊन पळून गेले असेल तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची भरपाई मिळते, त्यासाठीचा अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात द्यावा. तोडणी कामगारांच्या कुटुंबांना ही माहिती क्वचितच असते, ती त्यांच्यापर्यंत पोहोचवणे मालकाचे आणि मुकादमाचे काम आहे.

पोलिसांना माहिती चोवीस तासांच्या आत द्यावी लागते, विमा कंपनीला त्याच दिवशी फोन करून नंतर लेखी कळवावे. वाहने हलवण्यापूर्वी ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे, दिव्यांचे, रिफ्लेक्टरचे आणि रस्त्याचे छायाचित्र घ्यावे. जखमीला हलवण्यासाठी मात्र छायाचित्राची वाट पाहू नये. परवाना, नोंदणी पुस्तक, ट्रॉलीची नोंदणी आणि पॉलिसी यांच्या प्रती चालकाच्या मोबाईलमध्ये आणि मालकाच्या घरी अशा दोन्ही ठिकाणी असाव्यात. अपघातातून सुखरूप सुटलेल्या चालकालाही त्या दिवशी दुसरी खेप देऊ नये. त्याला घरी पाठवावे आणि कारखान्याच्या शेती विभागाला कळवून त्या खेपेची ऊस वाहतुकीची चिठ्ठी दुसऱ्या वाहनाकडे वळवून घ्यावी.